अमेरिकेतले जुने घडीचे चाकू: ओळख आणि पारख

पेनसिल्व्हेनिया, ओहायो, केंटकी, टेनेसी या भागांतल्या कुठल्याही जुन्या बाजारात किंवा इस्टेट सेलमध्ये (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे) गेलात की घडीच्या चाकूंनी भरलेली एखादी पेटी दिसतेच. नवा माणूस त्यातला एक उचलतो, पातं उघडतो आणि सगळ्यात आधी कंपनीचं नाव वाचतो. नाव ओळखीचं निघालं की लगेच पाकिटाकडे हात जातो. माझं सांगणं याच्या उलट आहे: नाव शेवटी वाचा. चाकू कधीचा आहे ते नावावरून कळतं, तो किती शिल्लक आहे ते मात्र त्याच्या अंगावरूनच कळतं. पातं एकदा झिजलं की त्यावर कितीही मोठ्या कंपनीचा ठसा असो, ते परत भरून येत नाही.

थोडी पार्श्वभूमी लागेल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत विकले जाणारे बरेचसे चांगले चाकू इंग्लंडमधल्या शेफील्डहून आणि पुढे जर्मनीतल्या सोलिंगेनहून येत. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावरची जकात वाढली आणि १८९१ पासून परदेशी मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. त्यामुळे स्थानिक कारखान्यांना मोकळं रान मिळालं. न्यूयॉर्क राज्यात वॉल्डन, लिटल व्हॅली, ओलियन, कॅमिलस आणि पेनसिल्व्हेनियात ब्रॅडफर्ड, टायटसव्हिल ही छोटी गावं चाकूंसाठी ओळखली जाऊ लागली. शेतकरी, सुतार, गुराखी, शाळकरी मुलगा, प्रत्येकाच्या खिशात एक चाकू असे. माल अमाप निघाला, म्हणून आजही तो सापडतो. यातले बहुतेक कारखाने आता नाहीत. कॅटारॉगस ही कंपनी १९६३ मध्ये संपली, श्रेड २००४ मध्ये, कॅमिलस २००७ मध्ये, क्वीन २०१८ मध्ये. केस ही कंपनी मात्र अजून ब्रॅडफर्डमध्येच चाकू बनवते.

सोबत काय न्यावं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी टॉर्च आणि एक मऊ सुती फडकं. एवढं पुरतं. चाकू उघडण्याआधी विक्रेत्याला विचारा आणि पात्याला बोटं लागू देऊ नका. हे चाकू बहुतेक साध्या कार्बन पोलादाचे असतात आणि घामाच्या बोटांचे ठसे त्यावर काही दिवसांत गंज होऊन उमटतात. पाहून झालं की पातं फडक्याने पुसून परत द्या. विक्रेते हे बघत असतात, आणि अशा माणसाला टेबलाखालची दुसरी पेटी दाखवायला तयार होतात.

पहिली पायरी: चाकू बंद असताना

आधी घाट ओळखा. बार्लोला मुठीच्या एकाच टोकाला लांबलचक धातूची टोपी असते. या टोपीला बोल्स्टर म्हणतात. ट्रॅपरची दोन लांब पाती एकाच टोकाला बसवलेली असतात. स्टॉकमनला तीन पाती: टोकदार क्लिप, सरळ धारेचं शीपफूट आणि बोथट टोकाचं स्पे. स्पे हे जनावरांचं खच्चीकरण करण्यासाठी होतं, म्हणूनच त्याला अणकुची नाही. काँग्रेसची मूठ किंचित वाकलेली असते आणि बहुधा तिला चार पाती असतात. एवढे चार घाट डोळ्यांत बसले की पेटीतला अर्धा माल ओळखता येतो. बाकीचे हळूहळू येतात.

मग चाकू पाठीवर धरा आणि पाती ज्या फटीत बसतात तिकडे वरून बघा. पातं फटीच्या मध्यावर आहे की एका बाजूला टेकून घासतंय? थोडं कललेलं चालतं, आतल्या पितळी पत्र्यावर ओरखडे पाडत असेल तर किंमत खाली यायला हवी. आता पात्याचं टोक बघा. ते मुठीच्या आत हवं, पण फार खोलही नको. टोक बाहेर आलं असेल तर पातं धारेकडून दगडावर घासून घासून झिजलंय का किंवा स्प्रिंग थकली आहे का ते तपासा. टोक खूप आत गेलं असेल तर पात्याच्या बुडाशी असलेला छोटा उंचवटा घासला गेलाय, किंवा मोडलेल्या टोकाला नवा आकार दिलाय.

शेवटी चाकू उजेडासमोर धरा. स्प्रिंग आणि तिच्या दोन्ही बाजूंचे पत्रे यांच्यामधून उजेड आरपार दिसतो का? चांगल्या कारखान्याच्या चाकूत ही जागा घट्ट मिटलेली असते. फट असेल तर आत गंज धरून पत्रे फाकले असतील, किंवा कुणीतरी चाकू खोलून पुन्हा जोडला असेल.

दुसरी पायरी: उघडताना काय ऐकायचं

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. इथले संग्राहक याला ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात. नखाच्या खाचेत नख घालून पातं हळू उचला. सुरुवातीला स्प्रिंगचा विरोध जाणवला पाहिजे. मग पातं एकसारख्या जोराने वर येतं आणि शेवटच्या टप्प्यात स्वतःच ओढलं जाऊन ‘खट्’ असा नेमका आवाज करत जागेवर बसतं. बंद करतानाही तसंच. मधेच ढिलं पडणं, खरखर, शेवटी आवाज न होता नुसतंच टेकणं, या थकलेल्या स्प्रिंगच्या किंवा आतल्या घाणीच्या खुणा आहेत. घाण तेलाने निघते. थकलेली किंवा चिरलेली स्प्रिंग बदलायची तर चाकू पूर्ण खोलावा लागतो, आणि खोललेला चाकू संग्राहकाच्या दृष्टीने मूळ राहत नाही.

काही चाकूंत पातं अर्ध्यावर, काटकोनात क्षणभर थांबतं. याला हाफ स्टॉप म्हणतात. तो नसला तरी तो दोष नाही. पात्याचं बूड चौकोनी ठेवलं होतं की गोलसर, एवढाच तो फरक आहे.

पातं पूर्ण उघडून त्याला वर-खाली आणि बाजूंना हलकेच हलवून बघा. जुन्या, वापरलेल्या चाकूत बाजूला अगदी किंचित हालचाल चालते. वर-खाली हालचाल मात्र चालत नाही. आता चाकूची पाठ बघा. स्प्रिंगची पाठ आणि मुठीची कड एका पातळीत हवी. उत्तम चाकूत ही पातळी पातं बंद असताना, अर्धं उघडं असताना आणि पूर्ण उघडं असताना, तिन्ही वेळा सारखी लागते. डोळे मिटून अंगठा फिरवलात तरी कळतं.

पातं बंद करताना कधीही सोडून देऊ नका. जोरदार स्प्रिंग त्याला आत आपटते, धार स्प्रिंगवर बसते आणि खाच पडते. दुसऱ्याच्या चाकूला अशी खाच पाडलीत तर तो तुम्हाला विकत घ्यावा लागेल, आणि ते बरोबरही आहे.

तिसरी पायरी: पातं

राखाडी, निळसर, काळपट रंग हा दोष नव्हे. घरातल्या जुन्या विळीच्या पात्यावर येतो तसाच तो थर असतो आणि खालच्या पोलादाला तो काही प्रमाणात जपतो. तांबूस, बोटाला लागणारा गंज मात्र जिवंत असतो. तो तेलाच्या फडक्याने पुसून बघा. खाली खड्डे उरले तर ते कायमचे. खड्डे धारेजवळ असतील तर धार कधीच नीट लागणार नाही.

झीज मोजायला डोळ्याला सवय लागते. बुडाजवळची पात्याची उंची आणि पुढची उंची ताडून बघा. सतत दगडावर लावलेल्या पात्यात बुडाशी एक पायरी पडलेली दिसते आणि पुढे पातं अरुंद झालेलं असतं. त्याच घाटाच्या नव्या चाकूचं चित्र सोबत असेल तर काम सोपं होतं. जुन्या कॅटलॉगांतली रेखाचित्रं इंटरनेटवर भरपूर मिळतात, ती फोनमध्ये ठेवा.

आता भिंग घ्या. कारखान्यातून आलेल्या बऱ्याच पात्यांवर घासकामाच्या बारीक रेषा पाठीकडून धारेकडे, म्हणजे आडव्या जातात. त्याऐवजी टोकापासून बुडापर्यंत लांब ओरखडे दिसले किंवा सगळं पातं पाण्यासारखं गुळगुळीत असेल, तर कुणीतरी ते चाकावर पॉलिश केलंय. काही चाकूंना मूळचीच आरशासारखी झिलई असे, म्हणून फक्त चमक बघून ठरवू नका, कडा बघा. मूळ झिलईत खाचा, उतार आणि ठसा यांच्या कडा करकरीत राहतात. चाकावर धरलेल्या पात्यात त्या वितळल्यासारख्या गोल होतात. जुन्या पात्यावर केलेली अशी ‘सफाई’ मला गंजापेक्षा जास्त खटकते, कारण गंज थांबवता येतो, घासून गेलेलं पोलाद परत येत नाही.

चौथी पायरी: मूठ

हाड, शिंग, शिंपला, लाकूड, सेल्युलॉइड (एक जुनं प्लॅस्टिक) आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेलरिन नावाचं प्लॅस्टिक, ही मुठींची मुख्य सामग्री. नव्या माणसाची सर्वांत जास्त गल्लत होते ती हाड आणि डेलरिन यांच्यात, कारण डेलरिनच्या मुठी हाडासारख्याच खाचा पाडून आणि तपकिरी रंग देऊन बनवल्या जात. भिंगातून कडेला बघा. हाडात बारीक काळपट ठिपके आणि रेषा दिसतात, त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. डेलरिन एकसारखं, बिनछिद्राचं दिसतं. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कळेल खरं, पण चाकू खराब करून.

खिळ्यांच्या भोवती बारीक चिरा बघा. हाड सुकलं की तिथूनच तडकतं. केसासारखी एक चीर असेल तर थोडी किंमत उतरते, तुकडा उडाला असेल तर बरीच. मूठ आणि बोल्स्टर यांच्या सांध्यावर नख फिरवा. मूळ मूठ तिथे सलग लागते. उंचसखल लागली, खिळे नवे चकचकीत दिसले, की मूठ बदललेली असण्याची शक्यता धरा.

शिंगाच्या मुठीशी आपला थेट संबंध आहे. अमेरिकन आणि शेफील्डच्या चाकूंवर ‘स्टॅग’ म्हणून जी खडबडीत, कडेला तपकिरी आणि आत पिवळसर मूठ दिसते, ती बहुधा भारतातल्या सांबराच्या शिंगाची. सांबर दरवर्षी शिंगं टाकतं आणि अशी शिंगं जहाजांनी परदेशी जात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली. जुन्या स्टॅग मुठींना आज जो भाव आहे त्यामागे हेही एक कारण आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सांबराच्या शिंगाचा व्यापार गुन्हा आहे, म्हणून असा चाकू अमेरिकेत घेतलात तर तो तिकडेच ठेवा, भेट म्हणूनही गावी आणू नका.

सेल्युलॉइडबद्दल जरा जास्त सावध राहा. १९२०-३० च्या काळातल्या रंगीबेरंगी, कासवाच्या पाठीसारख्या, पट्ट्यापट्ट्यांच्या सुंदर मुठी त्याच्याच. पण हा पदार्थ म्हातारपणी सडतो आणि सडताना आम्लयुक्त वायू सोडतो. तो वायू पात्यांना खातो. बाकी चाकू स्वच्छ, आणि मुठीला लागून असलेल्या पात्याच्या भागावरच विचित्र गंज, खिळ्यांभोवती हिरवट थर, मुठीवर जाळीसारख्या भेगा आणि नाकाला झोंबणारा वास अशी चिन्हं दिसली तर तो चाकू घेऊ नका. आधीच घेतला असेल तर इतर चाकूंपासून दूर, हवा खेळेल अशा जागी ठेवा. एकाच डब्यात ठेवलेले शेजारचे चांगले चाकूही त्याने गंजतात. शिवाय सेल्युलॉइड पटकन पेट घेतं.

पाचवी पायरी: आता नाव वाचा

पात्याच्या बुडाच्या चपट्या भागाला टँग म्हणतात. ठसा तिथे असतो. भिंग आणि टॉर्च दोन्ही वापरा, उजेड तिरका पाडा.

केसचे चाकू शिकायला सर्वांत सोपे, कारण त्यांच्या ठशातून काळ बऱ्यापैकी नेमका कळतो. ‘केस टेस्टेड एक्सएक्स’ हा ठसा साधारण १९२० ते १९४० चा. नुसतं ‘केस एक्सएक्स’ १९४० ते १९६४ च्या आसपासचं. त्याखाली ‘यू.एस.ए.’ आलं की १९६५ ते १९६९. १९७० मध्ये ‘मेड इन यू.एस.ए.’ खाली दहा ठिपके आले आणि दर वर्षी एक ठिपका कमी होत गेला, १९७९ मध्ये एकच उरला. १९८० मध्ये पुन्हा दहा ठिपक्यांपासून सुरुवात झाली, पण आता ‘केस’ मधलं एस अक्षर विजेसारखं टोकदार झालं होतं.

म्हणजे सात ठिपके मोजलेत आणि एस साधं गोल असेल तर चाकू १९७३ चा, एस विजेसारखं असेल तर १९८३ चा. ठिपके मोजताना घाण भरलेला ठिपका सुटतो, म्हणून लाकडी टूथपिकने हलकेच साफ करून दोनदा मोजा.

टँगच्या दुसऱ्या बाजूला बहुधा घाटाचा आकडा असतो. केसमध्ये पहिला आकडा मुठीचा, दुसरा पात्यांच्या संख्येचा, उरलेले कारखान्यातल्या घाटाचे. ६३१८ म्हणजे हाडाची मूठ, तीन पाती, १८ नंबरचा स्टॉकमन. ५२५४ म्हणजे शिंगाची मूठ, दोन पाती, ५४ नंबरचा ट्रॅपर. पिवळ्या मुठीला ३. काही वर्षं हाडासारख्या डेलरिन मुठींनाही ६ हाच आकडा दिला गेला, तेव्हा भिंगाची तपासणी टाळू नका. या आकड्याचा खरा उपयोग पडताळणीसाठी होतो. टँगवर ५ ने सुरू होणारा आकडा आणि हातात हाडाची मूठ असेल, तर एक तर मूठ बदललीय किंवा पातं दुसऱ्या चाकूतलं आहे. दोन पात्यांवर दोन काळांचे ठसे असतील तर मात्र घाईने नकली म्हणू नका. ठसा बदलताना उरलेली जुनी पाती कारखान्यातच नव्यांबरोबर बसवली जात.

श्रेडमध्ये ‘श्रेड कट को’ हा ठसा चाळिशीच्या दशकापर्यंतचा, ‘श्रेड वॉल्डन’ त्यानंतर १९७३ च्या आसपासपर्यंत आणि पुढे कारखाना बंद होईपर्यंत ‘श्रेड’ सोबत ‘यू.एस.ए.’. २००४ नंतर नाव विकलं गेलं आणि त्याच नावाचे, तशाच दिसणारे चाकू चीनमध्ये बनू लागले. त्यांवर ‘यू.एस.ए.’ नसतं.

रेमिंग्टन ही मुळात बंदुकांची कंपनी. पहिल्या महायुद्धानंतर रिकाम्या पडलेल्या यंत्रांना काम हवं म्हणून तिने १९२० मध्ये कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला चाकू सुरू केले आणि ते साधारण १९४० पर्यंत चालले. मुठीवर गोळीच्या आकाराची धातूची पट्टी असलेले तिचे ‘बुलेट’ चाकू फार महाग आहेत. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध आर ११२३, शेवटचा ३ हाडाच्या मुठीचा. १९८२ पासून याच्या नव्या आवृत्त्या अधिकृतपणे निघाल्या. त्या नकली नाहीत, पण जुन्याही नाहीत, आणि विक्रेता दरवेळी हा फरक सांगेलच असं नाही. विंचेस्टरचंही तसंच: मूळ चाकू १९१९ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंतचे, १९८० च्या दशकात तेच नाव पुन्हा बाजारात आलं.

काही ठसे कारखान्याचे नसून दुकानाचे असतात. ‘कीन कटर’ हे सेंट लुईसच्या सिमन्स हार्डवेअरचं नाव होतं, ‘क्राफ्ट्समन’ सिअर्स या दुकानसाखळीचं. सिअर्ससाठी श्रेड, कॅमिलस अशा कारखान्यांनीच चाकू बनवले, पण दुकानाच्या नावामुळे ते बऱ्याचदा स्वस्त मिळतात. माझ्या मते नव्या माणसासाठी हा सर्वांत चांगला कोपरा आहे.

नकली आणि जोडतोड

महाग नावांचेच नकली ठसे बनतात, स्वस्तांचे कुणी बनवत नाही. खरा ठसा पात्याला शेवटची झिलई देण्याआधी मारलेला असतो, त्यामुळे त्याच्या कडा आणि आजूबाजूचं पोलाद सारखंच जुनं दिसतं. भोवती सगळं झिजलेलं आणि अक्षरं तेवढी ताजी, खोल, तर थांबा. टँग मधेच पातळ झाला असेल तर जुना ठसा घासून नवा मारलेला असू शकतो. सर्व पात्यांचा रंग आणि झीज एकमेकांशी जुळते का तेही बघा. मुठीवरची धातूची पट्टी कशी बसवली आहे तेही उपयोगी पडतं: केसमध्ये १९७४ च्या सुमारास खिळ्यांऐवजी गोंद आला. साठच्या दशकातला म्हणून सांगितलेल्या केस चाकूची पट्टी बिनखिळ्यांची असेल तर विक्रेत्याला कारण विचारा.

किंमत ठरवताना

संग्राहकांत चालणारी प्रतवारी झिजेवर आधारलेली आहे. मिंट म्हणजे कारखान्यातून आला तसा, न वापरलेला. निअर मिंटवर फक्त काळाच्या खुणा. एक्सलंटमध्ये पात्याची झीज दहा टक्क्यांपर्यंत, व्हेरी गुडमध्ये पंचवीसच्या आसपास, फेअरमध्ये निम्मं पातं गेलेलं. त्याखाली सुटे भाग काढण्यापुरता. एकाच चाकूची मिंट आणि फेअर या दोन प्रतींतली किंमत कित्येक पटींनी वेगळी असते, म्हणून विक्रेत्याच्या तोंडच्या प्रतीवर न जाता वरच्या पायऱ्यांनी स्वतः प्रत ठरवा. ऑनलाइन लिलावांत मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्ष विक्री झालेल्या किमती बघा.

सुरुवातीला श्रेडचे ‘ओल्ड टायमर’ घ्या, खास करून ८ ओटी किंवा ३४ ओटी हे स्टॉकमन, ‘यू.एस.ए.’ ठशाचे. मूठ डेलरिनची, पोलाद कार्बनचं, धार सुरेख लागते आणि माल मुबलक असल्याने चुकलात तरी फार जात नाही. दुसरा पर्याय कॅमिलसचे सैन्यासाठीचे संपूर्ण स्टेनलेस चाकू. मुठीवर ‘यू.एस.’ असतं आणि बऱ्याच चाकूंवर वर्षही कोरलेलं असतं, त्यामुळे काळ ओळखायला कष्ट नाहीत. बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंपासून मात्र नवख्याने लांब राहावं. १९५८ च्या संघीय कायद्याने त्यांच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आहे आणि राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत.

घरी आणल्यावर

सांध्यात खनिज तेलाचा एक थेंब टाका, पातं काही वेळा उघड-मीट करा, बाहेर आलेलं काळं तेल पुसा, आणि तेल स्वच्छ येईपर्यंत हे करत राहा. हाडाची मूठ पाण्यात भिजवू नका, गरम पाण्यात तर मुळीच नाही. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवू नका, कमावलेलं चामडं ओल धरतं आणि त्यातले क्षार धातूला खातात. चाकू मुंबईत किंवा कोकणात येणार असेल तर पावसाळ्याआधी पात्यांना तेलाचा पातळ हात द्या, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि महिन्यातून एकदा डबा उघडून बघा. विमानाने आणताना चाकू चेक-इन बॅगेतच ठेवा. हातातल्या सामानात सापडला तर तपासणीच्या रांगेतच तो काढून घेतला जाईल.